‘माय ट्रॅव्हल वॉज गुड’ यात चूक कोठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही इंदूरच्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार पाहता. पुण्याहून परतल्यावर एका ग्राहकाला लिहिलेल्या ईमेलमध्ये तुम्ही ‘माय ट्रॅव्हल वॉज गुड’ असे वाक्य लिहिले, वरिष्ठांनी ‘ट्रॅव्हल’ खोडून तेथे ‘जर्नी’ घातले, आणि कारण विचारल्यावर ‘तसेच म्हणतात’ एवढेच उत्तर मिळाले. शब्दकोश उघडला तर ‘ट्रॅव्हल’ हे नाम म्हणून दिलेले आहे आणि पुढे ‘प्रवास’ हाच अर्थ आहे. मग चूक कशी? आणि ट्रॅव्हल, जर्नी, ट्रिप, टूर या शब्दांत फरक तो कोणता? शेवटी तुम्ही हेही विचारले आहे की मामांच्या बसव्यवसायाच्या पाटीवर ‘ट्रॅव्हल्स’ असे अनेकवचन रंगवलेले आहे, ते चुकीचे आहे काय.

मी गेली २७ वर्षे इंदुरातल्या रामबागेत इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतो आणि सहली काढणाऱ्या दोन-तीन व्यावसायिकांची माहितीपत्रके तपासून देतो, त्यामुळे ही चूक माझ्यासमोर दर आठवड्याला येते. ती करणारी माणसे इंग्रजीत कच्ची असतात असे मुळीच नाही. व्याकरण नीट शिकलेला, मराठीतून विचार करणारा माणूसच ती हमखास करतो, कारण शब्दकोशाने त्याला अर्थ सांगितलेला असतो, परंतु त्या अर्थाची वेस सांगितलेली नसते.

मराठीतला ‘प्रवास’ हा फार उदार शब्द आहे. ‘मला प्रवास आवडतो’ यात प्रवास म्हणजे फिरण्याची क्रिया, एकूणच फिरणे. ‘कालचा प्रवास त्रासाचा झाला’ यात तो म्हणजे एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोहोचण्याची एक घटना. आणि ‘त्यांचे वर्षातून चार-पाच प्रवास होतात’ असे आपण मोजूनही सांगतो. इंग्रजीने ही कामे वाटून दिलेली आहेत. ‘ट्रॅव्हल’ हे नाम केवळ पहिले काम करते. ते क्रियेचे नाव आहे, घटनेचे नाही, म्हणून त्याच्याआधी ‘अ’ लागत नाही, त्याला ‘वन, टू’ लागत नाही, आणि एका विशिष्ट वेळच्या प्रवासाकडे बोट दाखवायचे असेल तर ते नाम चालत नाही. तुम्ही ग्राहकाला परवाचा, पुणे ते इंदूर असा, सुरुवात आणि शेवट असलेला एकच प्रवास सांगत होता; तेथे ‘जर्नी’ किंवा ‘ट्रिप’ यांपैकीच काहीतरी हवे होते.

वर्गात मी याला पाऊस आणि सर यांचा दाखला देतो. पाऊस पडतो, पाऊस आवडतो, पाऊस लांबतो. पण मोजायची वेळ आली की आपण सकाळपासून तीन सरी येऊन गेल्या असे म्हणतो. ट्रॅव्हल हा पाऊस आहे आणि ट्रिप ही सर आहे. (एकदा देवासकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने, घरची शेती असल्यामुळे, ‘सर, आम्ही दोन पाऊस झाले की पेरतो’ असे सांगून माझा दाखला वर्गासमोर पाडला होता. त्याचे बरोबर होते. मराठी अशा नामांना मोजू देते, इंग्रजी देत नाही, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे.) मराठीत ‘ट्रॅव्हल’च्या सर्वांत जवळचा शब्द ‘प्रवास’ नसून ‘देशाटन’ आहे. ‘केल्याने देशाटन’ ही आर्या शाळेत पाठ केलेला कोणीही ‘मी यंदा दोन देशाटने केली’ असे म्हणणार नाही. एखाद्या वाक्यात ट्रॅव्हल बसेल की नाही अशी शंका आली तर मनात त्या जागी ‘देशाटन’ किंवा ‘फिरणे’ घालून पाहावे. कानाला खटकले तर शब्द बदलावा.

याचा अर्थ तुम्ही ‘ट्रॅव्हल’ टाळावा असा नाही. तो शब्द खरा शोभतो क्रियापद म्हणून. ‘आय ट्रॅव्हल्ड फ्रॉम पुणे बाय ट्रेन’ हे निर्दोष आहे, ‘आय ॲम ट्रॅव्हलिंग टिल फ्रायडे’ हेही. आपली सवय अशी की क्रियापद नामात घालून त्याला ‘करणे’ जोडायचे: प्रवास केला, भेट दिली, चौकशी केली. त्याच सवयीने ‘आय डिड ट्रॅव्हल’ किंवा ‘आय डिड अ जर्नी’ लिहिले जाते. इंग्रजीत या नामांना सहसा ‘डू’ जोडत नाहीत. जर्नी ‘मेक’ करतात, ट्रिप ‘टेक’ किंवा ‘मेक’ करतात किंवा तिच्यावर ‘गो’ होतात, आणि नुसते ट्रॅव्हल हवे असेल तर सरळ त्याचेच क्रियापद करतात. नामाला धरून बसण्यापेक्षा क्रियापदाकडे वळलात तर निम्म्या चुका जागीच मिटतील, हा माझा अनुभव आहे.

दुसरा उपयोग म्हणजे दुसऱ्या नामाच्या आधी विशेषणासारखा: ट्रॅव्हल इन्शुरन्स, ट्रॅव्हल टाइम, ट्रॅव्हल एजंट. सरकारी नोकरीतल्या मंडळींना हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण ‘एलटीसी’ (लीव्ह ट्रॅव्हल कन्सेशन, म्हणजे रजेतल्या प्रवासाची सवलत) या अक्षरांतले मधले अक्षर ट्रॅव्हलचेच आहे, आणि ‘टीए बिला’तले, म्हणजे प्रवासभत्त्याच्या बिलातले, ‘टी’ ट्रॅव्हलिंगचे. माझ्या वर्गाला येणारे एक निवृत्त कारकून तर सांगत की इंग्रजीतले हे सगळे शब्द ते टीएच्या फॉर्मवरूनच शिकले: भत्ता ट्रॅव्हलिंगचा, निमित्त टूरचे, आणि खाली निघण्याची व पोहोचण्याची वेळ लिहायची ती प्रत्येक जर्नीची. मी इतके नेटके वर्गीकरण कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात पाहिलेले नाही.

या शब्दांची कुळे पाहिली तर फरक अधिक लक्षात राहतो. मला स्वतःला ते तसेच लक्षात राहिले, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

‘ट्रॅव्हल’ हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ कष्ट करणे, राबणे असा आहे. इंग्रजीतला ‘ट्रॅव्हेल’ म्हणजे यातना, प्रसूतिवेदना, हा त्याचाच सख्खा भाऊ. व्युत्पत्तिकोश त्याच्याही मागे जाऊन ‘ट्रेपालियम’ या लॅटिन शब्दापर्यंत पोहोचतात, म्हणजे तीन खुंटांचे छळाचे साधन. जुन्या काळी वाटेला लागणे म्हणजे हाल सोसणे, म्हणून कष्टाचा शब्द प्रवासाला चिकटला. आता हे ऐकून नवल वाटावे असे काही नाही, कारण इंदुरात राहणारा मराठी माणूस हाच प्रकार रोज पाहतो. चौकात ‘यातायात पुलिस’ अशी हिंदी पाटी असते, तेथे यातायात म्हणजे रहदारी, येणे-जाणे. आणि घरी आई म्हणते, ‘एवढी यातायात कशाला केलीस, दोन भाज्या पुरल्या असत्या’, तेथे तोच शब्द म्हणजे खटाटोप, दगदग. एकच शब्द एका भाषेत रस्त्यावर राहिला आणि दुसऱ्या भाषेत त्याचे कष्ट झाले. ट्रॅव्हलचे उलट झाले, कष्टांतून निघून तो रस्त्यावर आला. ‘हा हिंदीतला सफर की इंग्रजीतला सफर’ हा आपल्याकडे डब्याडब्यांतून ऐकू येणारा शिळा विनोद करणाऱ्यांना कल्पना नसते की ट्रॅव्हलच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे.

‘जर्नी’ हा शब्दही फ्रेंच, आणि त्याच्या पोटात ‘दिवस’ आहे. एका दिवसाचे काम, एका दिवसात काटलेली वाट, असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘मजल’. मजल दरमजल करीत फौजा जात, म्हणजे रोजचा एक टप्पा संपवून मुक्काम करीत जात. म्हणूनच जर्नी म्हटले की इंग्रजी कानाला येथून निघून तेथे पोहोचणे, मधले अंतर, मधला वेळ जाणवतो. परत येणे त्यात गृहीत नसते. रेल्वेच्या तिकिटावर ‘डेट ऑफ जर्नी’ असते ती याचसाठी, आणि वाटेत उतरून त्याच तिकिटावर पुढे जाण्याला ‘ब्रेक जर्नी’ म्हणतात तेही याचसाठी.

‘ट्रिप’च्या मुळाशी हलकी, उडती पावले टाकणे आहे, अडखळणे हाही त्याचाच अर्थ, आणि घरातला एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा खटका, ‘ट्रिप’ होतो तोही याच शब्दाचा विस्तार आहे. प्रवासाच्या अर्थाने ट्रिपमध्ये जाणे, तेथे काही करणे आणि परत येणे हे तिन्ही येते. आपली ‘फेरी’ हीच ट्रिप. लोडिंग रिक्षावाला ‘सियागंजच्या तीन ट्रिपा झाल्या’ म्हणतो तेव्हा तो शब्द इंग्रजांइतकाच अचूक वापरत असतो. तुमचे पुण्याचे काम, भेटीगाठी आणि परतणे मिळून झाली ती ‘ट्रिप’; त्यातला रात्रभराचा गाडीतला वेळ ही ‘जर्नी’. ‘द ट्रिप वॉज युजफुल, बट द जर्नी बॅक वॉज टायरिंग’ या एका वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसलेले दिसतील.

‘टूर’च्या मुळात वळणे, फिरणे आहे, लाकूड कातण्याच्या चरकाचा ‘टर्नर’ त्याच घराण्यातला. टूर म्हणजे अनेक ठिकाणे घेत फिरून येणे. त्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट आपल्या दाराशीच आहे, ती म्हणजे नर्मदेची परिक्रमा. मात्र माहितीपत्रकात परिक्रमेला ‘टूर’ लिहू नये, ‘पिलग्रिमेज’ लिहावे, कारण आज टूर म्हटले की एक तर मजा तरी येते, नाही तर साहेबांचा दौरा तरी.

या शब्दाने मला एकदा चांगलेच अडचणीत आणले होते. एका व्यावसायिकाच्या परदेशी पाहुण्यांसाठी मी कार्यक्रमपत्रिका तपासली. पहिल्या दिवसापुढे ‘एअरपोर्ट टू हॉटेल टूर’ असे होते आणि घाईत मी ते तसेच राहू दिले. पाहुण्यांनी वाचून अपेक्षा केली की विमानतळावर वाटाड्या भेटेल आणि शहर दाखवत दाखवत हॉटेलवर नेईल. आला तो फक्त चालक, आणि त्याने वीस-पंचवीस मिनिटांत त्यांना दारात उतरवले. पैसे घेऊन शहर दाखवले नाही, अशी तक्रार झाली. या धंद्यात त्या नेण्या-आणण्याला ‘ट्रान्सफर’ म्हणतात, हे मला ठाऊक असूनही नजर त्या शब्दावर अडखळली नव्हती. तेव्हापासून कागदावर ‘टूर’ दिसला की मी आधी पाहतो की यात पाहण्याची ठिकाणे किती आहेत.

‘व्हॉयेज’ तुम्हाला पत्रव्यवहारात क्वचितच लागेल. तो समुद्रावरच्या किंवा अंतराळातल्या लांब प्रवासाला वापरतात. एवढे मात्र सांगण्याचा मोह आवरत नाही की त्याचा लॅटिन पूर्वज ‘व्हियाटिकम’ म्हणजे वाटेसाठी बांधून घेतलेली शिदोरी.

एवढ्यावर एकदा मागे वळून पाहू. क्रिया सांगायची असेल तर ट्रॅव्हल, आणि शक्यतो क्रियापद म्हणून. एक टप्पा, त्यातले अंतर आणि वेळ सांगायचा असेल तर जर्नी. जाऊन-येऊन पूर्ण झालेला फेरा असेल तर ट्रिप. अनेक ठिकाणे घेत फिरणे असेल तर टूर. आणि रोज पीथमपूरला कामावर जाऊन परत येणे असेल तर यांपैकी एकही नाही. ज्याला आपण येथे ‘अप-डाऊन’ म्हणतो त्याला इंग्रजीत ‘कम्यूट’ म्हणतात. ‘आय ट्रॅव्हल डेली’ हे व्याकरणाने चूक नाही, परंतु परदेशी वाचक तुम्हाला फिरतीची नोकरी आहे असे समजेल.

आता ‘ट्रॅव्हल्स’. इंग्रजीत या नामाचे अनेकवचन होते, पण ते दोन-तीन ट्रॅव्हल अशा मोजणीचे नसते. दीर्घ काळ, अनेक मुलखांतून केलेली भ्रमंती असा त्याचा अर्थ असतो आणि त्याच्याआधी बहुधा कोणाचे तरी नाव किंवा सर्वनाम येते. वरसईचे गोडसे भटजी १८५७ मध्ये घरून निघाले, उठावाच्या धामधुमीत ग्वाल्हेर, झाशी असे फिरले, आणि १९०७ मध्ये त्यांची हकीकत ‘माझा प्रवास’ या नावाने छापली गेली. त्या नावाचा शब्दशः इंग्रजी तर्जुमा विद्यार्थ्यांना करायला सांगितला की बहुतेक जण ‘माय ट्रॅव्हल’ लिहितात. ते चूक आहे. ‘माय जर्नी’ चालेल, पण त्यात एक वाट आणि एक मुक्काम असा सूर लागतो; ‘माय ट्रॅव्हल्स’ म्हटले की मुलूखगिरी येते, ठिकठिकाणचे अनुभव येतात. मी तेच निवडीन, तरीही ‘जर्नी’ निवडणाऱ्याशी भांडणार नाही.

मराठीत मात्र ‘ट्रॅव्हल्स’ म्हणजे खासगी बस, आणि तीही स्त्रीलिंगी एकवचनी: ‘रात्री नऊची ट्रॅव्हल्स आहे’, ‘ट्रॅव्हल्स चुकली’. बसवर रंगवलेले मालकाच्या व्यवसायाचे नाव बसलाच लागले, त्यात काही गैर नाही. शब्द असेच घरजावई होतात. अडचण येते ती तो पुन्हा इंग्रजीत नेताना. माझ्या पाकिटात अजून पुण्याच्या एका फेरीचे तिकीट घडी घालून ठेवलेले आहे, ते मी वर्गात फिरवतो. माथ्यावर मोठ्या अक्षरांत ‘ट्रॅव्हल्स’, मधल्या चौकटीत ‘डेट ऑफ जर्नी’, कोपऱ्यात शाईने लिहिलेला ‘ट्रिप नं.’, आणि पाठीमागे बारीक टायपात लहान मुलांना घेऊन ‘ट्रॅव्हलिंग’ करणाऱ्या प्रवाशांसाठी सूचना. तळहाताएवढ्या कागदावर सगळे शब्द आपापल्या जागी आहेत. पण हेच तिकीट काढणारा माणूस इंग्रजीत ‘आय केम बाय ट्रॅव्हल्स’ म्हणाला की समोरचा गोऱ्यांच्या देशातला असो वा केरळातला, गोंधळतो. तेथे ‘बाय प्रायव्हेट बस’ किंवा, वाचक ब्रिटिश असेल तर, ‘बाय कोच’ म्हणावे. (‘कोच’ हा शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावावरून आला, तेथे चांगल्या घोडागाड्या बनत. आपल्याकडे तो रेल्वेच्या डब्यासाठी रुळल्यामुळे भारतीय वाचकाला बस कळणार नाही, हे ध्यानात ठेवावे.)

कोणता शब्द चालेल हे बरेचसे वाचणारा कोण आहे यावर असते, हे येथे मान्य केले पाहिजे. ‘हॅपी जर्नी’ ही आपली, भारतातली शुभेच्छा आहे. भारतीय सहकाऱ्याला ती बिनदिक्कत लिहावी. ब्रिटिश माणूस बहुधा ‘सेफ जर्नी’ म्हणेल, अमेरिकन ‘हॅव अ गुड ट्रिप’ किंवा ‘सेफ ट्रॅव्हल्स’ म्हणेल, आणि या शेवटच्या शुभेच्छेत ट्रॅव्हलचे अनेकवचनच असते, एकवचन नाही. छोट्या प्रवासाला अमेरिकेत ‘जर्नी’ फारसे वापरत नाहीत. तेथे तो शब्द थोडा जड, आयुष्याच्या वाटचालीसाठी राखलेला वाटतो. म्हणजे तुमचा ग्राहक अमेरिकन असेल तर तुमच्या वरिष्ठांची दुरुस्ती बरोबर असूनही ‘ट्रिप’ अधिक बरे वाटले असते. लेखनातही फरक आहे: ‘ट्रॅव्हलिंग’मध्ये ब्रिटिश वळणाने दोन ‘एल’ येतात, अमेरिकन वळणाने एक. भारतीय कार्यालयात दोनच ठेवावेत, मात्र एका पत्रात दोन्ही वळणे मिसळू नयेत.

प्रवासाशी वरवर संबंध नसलेले दोन उपयोग तुमच्या कामात येण्यासारखे आहेत. एक, माल टिकण्याविषयी: ‘धिस स्नॅक ट्रॅव्हल्स वेल’ म्हणजे हा पदार्थ दूर पाठवला तरी बिघडत नाही. शेवेविषयी हे बेलाशक लिहावे, सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाविषयी लिहू नये. दोन, यंत्राच्या भागाची सरक: पेडल किंवा लिव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढे हलते त्याला इंग्रजीत त्याचा ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. पीथमपूरच्या कारखान्यांतून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हा अर्थ आधी ठाऊक असतो आणि प्रवासाचा नंतर, त्यामुळे त्यांना ट्रॅव्हल ही क्रिया आहे, फेरी नव्हे, हे समजावायला मला सर्वांत कमी वेळ लागतो.

तुमचे वाक्य मी लिहिले असते तर ‘आय हॅड अ गुड ट्रिप टू पुणे’ असे लिहिले असते, किंवा रात्रीच्या गाडीविषयीच सांगायचे असते तर ‘द जर्नी बॅक वॉज कम्फर्टेबल’. ‘वॉज गुड’ व्याकरणाने चालते, परंतु ग्राहकाला त्यातून काहीच कळत नाही.

मामांच्या पाटीला हात लावू नका. व्यवसायाच्या नावात ‘ट्रॅव्हल्स’ लिहिण्याचा रिवाज भारतभर आहे, ते विशेषनाम झालेले आहे, आणि गिऱ्हाईक ती पाटी पाहूनच बस शोधते. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर मात्र, अशा कार्डांवर बहुधा असते तसे, खाली ‘वुई प्रोव्हाइड ऑल टाइप ऑफ ट्रॅव्हल’ असे काही छापलेले असेल, तर पुढच्या छपाईच्या वेळी तेथे ‘बसेस अँड कार्स ऑन हायर’ घालायला सांगा, आणि उज्जैन, ओंकारेश्वर, मांडू अशी गावांची नावे त्याखाली द्या.